समुद्रावरचे अज्ञान : काल्पनिक सागरी व हवाई युद्धप्रसंगांची रचना

युद्धखेळ, म्हणजे ज्याला लष्करी वर्तुळात सर्रास वॉरगेम म्हटले जाते तो प्रकार, नौदलाच्या प्रत्यक्ष सरावाहून वेगळा असतो आणि संगणकावर आपोआप चालणाऱ्या गणिती प्रतिकृतीहूनही वेगळा असतो. सरावात खऱ्या नौका समुद्रात जातात पण खरा शत्रू नसतो, प्रतिकृतीत शत्रू असतो पण निर्णय घेणारा माणूस नसतो, आणि युद्धखेळात नौका व विमाने कागदावर किंवा पडद्यावर असली, तरी दोन्ही बाजूंना विचार करणारी, चुकणारी आणि एकमेकांना फसवू पाहणारी माणसे बसलेली असतात. या माणसांपुढे जी काल्पनिक परिस्थिती मांडली जाते, म्हणजे कोणत्या समुद्रात, कोणत्या दिवशी, कोणाकडे किती नौका, किती विमाने, किती इंधन आणि कोणते हुकूम, तिला युद्धप्रसंग म्हणावे. असा प्रसंग रचणे हे वरवर पाहता माहिती जमवण्याचे काम वाटते आणि हौशी रचनाकाराचा बहुतेक वेळ क्षेपणास्त्रांचे पल्ले व विमानांचे वेग गोळा करण्यातच जातो. परंतु सागरी आणि हवाई युद्धाच्या बाबतीत रचनाकाराचे मुख्य काम माहिती पुरवण्याचे नसून ती रोखून धरण्याचे आहे, म्हणजे कोणाला काय ठाऊक असावे, केव्हा कळावे आणि कोणती गोष्ट चुकीची कळावी हे ठरवण्याचे आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

आधुनिक युद्धखेळाचा जन्म जमिनीवरचा. प्रशियाच्या सैन्यातील रायस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून 1824 मध्ये जो खेळ सिद्ध केला, त्यात 1:8000 या प्रमाणाचे नकाशे होते, प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या लढाईइतकी धरली जात होती आणि दोन्ही पक्षांचे सारे सैन्य फक्त पंचाला दिसत होते. बुद्धिबळाच्या पटावर राजापासून प्याद्यापर्यंत सगळे उघड असते. इथे मात्र टेकडीमागे काय आहे हे टेकडी ओलांडल्याशिवाय कळत नव्हते. प्रशियाचे सेनाप्रमुख म्यूफ्लिंग यांनी हा खेळ सैन्यात वापरण्याची शिफारस केली, ती यामुळेच. जमिनीवरच्या प्रसंगात रचनाकाराचे निम्मे काम भूगोल करतो : नदी उतार कुठे देते, घाट कुठे अरुंद होतो, तोफखाना कुठून जाऊ शकत नाही, हे नकाशाच सांगतो. समुद्रावर टेकडी नाही, घाट नाही आणि नदीही नाही. जमिनीवर जे काम डोंगर करतो ते समुद्रावर अज्ञान करते, आणि हे अज्ञान कोणत्याही नकाशावर छापलेले नसल्यामुळे रचनाकाराला ते स्वतः घडवावे लागते.

या अज्ञानालाही मोजमाप आहे. रडारच्या लहरी बहुतांशी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, म्हणून प्रत्येक रडारला स्वतःचे क्षितिज असते. अँटेनाच्या आणि लक्ष्याच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज 4.12 ने गुणली की ते क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे हे कळते. वीस मीटर उंचीवर अँटेना असलेल्या नौकेला पाच मीटर उंचीवरून, लाटांना लगटून येणारे क्षेपणास्त्र सुमारे 28 किलोमीटरवर पहिल्यांदा दिसू शकते. ते सेकंदाला 300 मीटर वेगाने येत असेल तर नौकेच्या हाती जेमतेम दीड मिनिट उरते, आणि त्या दीड मिनिटात ते ओळखायचे, हुकूम द्यायचा आणि मारा करायचा असतो. तेच रडार नऊ हजार मीटर उंचीवरच्या विमानात बसवले की समुद्रावरची नौका सुमारे 400 किलोमीटरवरून नजरेच्या टप्प्यात येते. म्हणजे सागरी प्रसंगात टेहळणीचे एक विमान असणे किंवा नसणे हा तपशिलाचा भाग राहत नाही, तर पट केवढा असेल हे त्यावरच ठरते. त्यात हवेच्या थरांचा खेळ निराळाच : अरबी समुद्रावर कधी कधी हवेचे थर असे जमतात की रडारला क्षितिजापलीकडचेही दिसू लागते. तेव्हा हवामान ही प्रसंगाच्या शीर्षकाखाली शोभेसाठी लिहिण्याची ओळ नव्हे.

अज्ञानाची अशी काटेकोर रचना कुठे पाहावयाची असेल, तर ती 1942 मधल्या लिव्हरपूलला पाहावी. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमधील व्यापारी जहाजांचे काफिले बुडवत होत्या आणि संरक्षक नौकांना त्यांचा माग लागत नव्हता. अशा वेळी आजारपणामुळे समुद्रावरून निवृत्त झालेल्या कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्याकडे डर्बी हाऊस या इमारतीत एक छोटा विभाग सोपवण्यात आला. त्यांच्या हाताखाली बहुतांशी रेन, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या महिला विभागातील तरुण मुली होत्या. एका दालनाची फरशी लिनोलियमने आच्छादून तिच्यावर समुद्र आखण्यात आला आणि भोवती कापडी पडदे लावण्यात आले. संरक्षक नौकांचे कप्तान म्हणून खेळणारे अधिकारी पडद्याआड बसत आणि पडद्यातील अरुंद फटीतून त्यांना फरशीचा तेवढाच तुकडा दिसे, जेवढा त्या अंतरावरून, त्या अंधारात खऱ्या नौकेवरून दिसला असता. नौकांचे मार्ग पांढऱ्या खडूने आखले जात आणि पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने, कारण फटीतून तिरक्या नजरेने पाहणाऱ्याला त्या फरशीवर हिरवी रेघ दिसत नसे. अधिकाऱ्याने कागदाच्या चिठ्ठीवर हुकूम लिहायचा, रेनने तो नेऊन फरशीवर उतरवायचा आणि दोन मिनिटांच्या लढाईनंतर पुढची चिठ्ठी लिहायची, असा क्रम चाले.

या सगळ्या व्यवस्थेतली खुबी यंत्रात नव्हती, हिरव्या खडूत होती. कोणाला काय दिसू नये याचा निर्णय एका रंगाने घेतला जात होता. याच फरशीवर काफिल्यांवरील हल्ल्यांचे अहवाल पुन्हा पुन्हा चालवून पाहताना, पाणबुडी दूरवरून पाणतीर सोडते ही समजूत जहाजे बुडण्याच्या जागांशी जुळत नाही, असे रॉबर्ट्स यांच्या ध्यानात आले. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने काफिल्याच्या रांगांमध्ये शिरत असली पाहिजे आणि हल्ल्यानंतर पाण्याखाली जाऊन काफिला पुढे निघून जाण्याची वाट पाहत असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून मागच्या पाण्याचा शोध घेण्याची जी पद्धत बसवली गेली तिला जीन लेडलॉ या रेनने रास्पबेरी असे थट्टेखोर नाव दिले, आणि अल्पावधीत ती पद्धत अटलांटिकवर रूढ झाली. पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडी चालवलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन यांनी या फरशीवर पाणबुडीची बाजू घेतली, तेव्हा जॅनेट ओकेल या तरुण रेनने त्यांना लागोपाठ बुडवले. अनुभवी दर्यावर्दीला समुद्र न पाहिलेल्या मुलीने हरवावे यात नवल वाटायला नको; ती रोज तीच फरशी, तेच अज्ञान, दोन्ही बाजूंनी पाहत होती.

अज्ञानाला एवढे महत्त्व का द्यावे याचे गणिती कारणही सांगता येते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1916 मध्ये मांडलेल्या सूत्रांत दोन्ही पक्षांची झीज सतत, हळूहळू होत जाते. तोफांच्या लढाईला ते बरे लागू पडते. क्षेपणास्त्रांची लढाई मात्र झडीसारखी, एका फटक्यात होते, म्हणून अमेरिकन नौदलातील कॅप्टन वेन ह्यूज यांनी तिच्यासाठी वेगळे गणित मांडले : आलेल्या क्षेपणास्त्रांतून पाडलेली वजा करावी आणि उरलेल्यांना एक नौका निकामी करण्यास जितकी लागतात तितक्यांनी भागावे. समजा, तीन नौकांवर दोन नौका चाल करून आल्या. हल्लेखोर नौका प्रत्येकी चार क्षेपणास्त्रे डागतात, बचावाची प्रत्येक नौका तीन पाडू शकते आणि दोन लागली की नौका निकामी होते. तिन्ही नौका सावध असतील तर आठ क्षेपणास्त्रे येतात, नऊ पाडण्याची ताकद आहे, एकही लागत नाही. तिन्ही बेसावध असतील तर आठच्या आठ लागतात आणि तीनच काय, चार नौका संपवण्याइतका मारा होतो. नौकांची संख्या तीच, शस्त्रे तीच. एका बाजूला ठाऊक होते की नव्हते एवढ्याच फरकाने शून्य आणि सर्वनाश यांच्यात अंतर पडले. असा कडेलोटाचा स्वभाव असलेल्या लढाईत रचनाकाराने क्षेपणास्त्राचा पल्ला दशांश चिन्हापर्यंत अचूक लिहिला आणि सावधपणाचा नियम मात्र घाईघाईत उरकला, तर त्याची सगळी मेहनत वाया गेली असेच म्हणावे लागेल.

खेळाच्या इतिहासात सर्वांत बदनाम ठरलेला प्रसंग जपानी नौदलाचा आहे. मे 1942 च्या पहिल्या आठवड्यात यामातो या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा खेळ झाला आणि संयुक्त आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ रिअर ॲडमिरल उगाकी हे त्यात मुख्य पंच होते. मिडवे बेटावरून उडालेल्या अमेरिकन बाँबफेकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला, फासा टाकला गेला आणि नऊ बाँब लागून अकागी व कागा या दोन नौका बुडाल्याचा निकाल आला. उगाकी यांनी नऊचे तीन केले, एकच नौका बुडाली असे ठरवले, आणि बुडालेली कागा पुढच्या मोहिमेच्या खेळात पुन्हा तरंगताना दिसली. पुढे 4 जूनच्या लढाईत चार विमानवाहू नौका खरोखरच गमावल्यावर ही हकिगत पंचांच्या लबाडीचा नमुना म्हणून सांगितली जाऊ लागली. पण येथे न्याय थोडा सबुरीने केला पाहिजे. प्रत्यक्ष लढाईत बेटावरून आलेल्या विमानांनी त्या सकाळी एकाही विमानवाहू नौकेला बाँब लावला नाही, म्हणजे तेवढ्यापुरता उगाकी यांचा निवाडा फाशापेक्षा वास्तवाच्या अधिक जवळ होता. खरी मेख दुसरीकडे होती. मिडवेवर हल्ला झाल्यानंतरच अमेरिकन विमानवाहू नौका पर्ल हार्बरहून निघतील हे गृहीत प्रसंगाच्या पायाशीच बसवलेले होते. अमेरिकनांनी जपानी संकेतलिपी काही प्रमाणात उलगडली होती आणि त्यांच्या तीन विमानवाहू नौका बेटाच्या ईशान्येला आधीच येऊन दबा धरून होत्या. हे अज्ञान जपानी खेळाडूंच्या वाट्याला आले असते तर खेळ उपयोगी ठरला असता, परंतु ते खुद्द रचनाकारांचेच होते. फासा फिरवण्याच्या गोष्टीला जितकी प्रसिद्धी मिळाली तिच्या दशांशानेही या गृहीताला मिळाली नाही, हे युद्धखेळाच्या अभ्यासाचे दुर्दैव आहे.

शत्रूच्या मनाची रचना हे म्हणूनच या कामातले सर्वांत अवघड अंग ठरते. अमेरिकेच्या संयुक्त दल कमांडने 2002 मध्ये सुमारे 25 कोटी डॉलर खर्चून मिलेनियम चॅलेंज नावाचा प्रचंड खेळ आयोजित केला. त्यात शत्रूची, म्हणजे लाल पक्षाची, बाजू निवृत्त मरीन जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. आपले संदेश टिपले जाणार हे ओळखून त्यांनी रेडिओ बंद ठेवला, मोटारसायकलस्वारांकरवी हुकूम पाठवले, लहान बोटी आणि क्षेपणास्त्रे यांचा एकदम मारा केला आणि एका विमानवाहू नौकेसह सोळा नौका बुडवल्या. मराठी वाचकाला हा गनिमी कावा ओळखीचाच वाटेल. त्यानंतर बुडालेल्या नौका पुन्हा तरंगवण्यात आल्या आणि लाल पक्षावर बंधने घालण्यात आली, तेव्हा व्हॅन रायपर यांनी ती जबाबदारी सोडली. आयोजकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तेरा हजारांहून अधिक लोक आणि खऱ्या तुकड्या आपापल्या वेळापत्रकाने त्यात गुंतल्या होत्या आणि आरंभीच खेळ संपला असता तर त्या सर्वांना घरी पाठवावे लागले असते. दोष नौका तरंगवण्यात नव्हता, तर एकाच प्रसंगावर दोन परस्परविरोधी कामे लादण्यात होता : शत्रू काय करेल याचा शोध घेणे, आणि ठरलेली नवी पद्धत चालते हे दाखवून देणे. असे दुहेरी ओझे घेतलेला प्रसंग शेवटी आयोजकांच्याच अंगाशी येतो. उलट बाजूने पाहता, न्यूपोर्टच्या अमेरिकन नेव्हल वॉर कॉलेजात दोन महायुद्धांच्या दरम्यान जपानविरुद्ध इतके खेळ झाले, की प्रत्यक्ष युद्धात आत्मघातकी विमानहल्ल्यांखेरीज काहीच अनपेक्षित वाटले नाही, असे ॲडमिरल निमिट्झ यांनी पुढे नमूद केले. प्रत्येक प्रसंगात शत्रूच्या मनाचा असा एखादा कोपरा अंधारातच राहतो.

आता एखादा काल्पनिक प्रसंग प्रत्यक्ष कसा बांधावा, हे मुंबईशी नाते असलेल्या उदाहरणावरून पाहता येईल. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री भारतीय नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी किलतान व कच्छल या नौकांच्या साथीने कराचीवर चढाई केली, खैबर ही विनाशिका, मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका आणि व्हीनस चॅलेंजर हे व्यापारी जहाज बुडवले, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून नौदल दिन पाळला जातो. या घटनेवर आधारलेला पण निकाल खुला असलेला प्रसंग रचायचा, तर सुरुवात नौकांच्या यादीपासून करण्याचे कारण नाही; सुरुवात प्रश्नापासून करावी, आणि येथे प्रश्न असा : किनारा संरक्षणासाठी बांधलेल्या, थोडे इंधन बाळगणाऱ्या, प्रत्येकी चारच क्षेपणास्त्रे असलेल्या नौका शत्रूच्या विमानांच्या पल्ल्यात शिरून परत येऊ शकतात का? हा प्रश्न घेतला की घड्याळ आपोआप ठरते. चढाई करणारा ताफा दिवसभर कराचीच्या दक्षिणेला सुमारे 250 सागरी मैलांवर, विमानांच्या टप्प्याबाहेर थांबणार, अंधार पडल्यावर उत्तरेला धावणार आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा दूर जाणार. म्हणजे सूर्यास्त आणि सूर्योदय हेच या प्रसंगाचे किल्ले. इंधन भर समुद्रात भरावे की वेग कमी ठेवावा हा निर्णय खेळाडूने घ्यायचा.

मग वाटणी करायची ती अज्ञानाची. भारतीय खेळाडूला रडारवर ठिपके दिसावेत पण त्यांची नावे दिसू नयेत, कारण कराचीसारख्या गजबजलेल्या बंदरासमोर तटस्थ देशांची व्यापारी जहाजेही असतात, आणि चार दिवसांनी झालेल्या दुसऱ्या चढाईत अशी जहाजे माऱ्यात सापडलीही. पाकिस्तानी खेळाडूला आकाशात वेगाने जवळ येणारा एक उजेड दिसल्याचे कळवावे आणि तो विमानाचा की क्षेपणास्त्राचा हे सांगू नये. खैबरने तो हवाई हल्ला समजून तसाच संदेश धाडला होता आणि त्यात स्वतःचे स्थानही चुकीचे दिले होते. येथे रचनाकाराला मोह होतो की आजच्या ज्ञानाने पाकिस्तानी बाजूला मूर्ख ठरवावे. तो आवरावा. ऑक्टोबर 1967 मध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी याच जातीच्या क्षेपणास्त्रांनी एलात ही इस्रायली विनाशिका बुडवली होती, ती बातमी जगातल्या प्रत्येक नौदलाने वाचली होती. तेव्हा खैबरच्या कप्तानाला धोका ठाऊक असण्याची एक शक्यता पंचाच्या हाती ठेवून, कधी ती द्यावी आणि कधी देऊ नये. तसेच, स्वतःच्याच नौकेवर मारा होण्याचा नियम अवश्य ठेवावा. 6 डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्याच झुल्फिकार या फ्रिगेटला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर हल्ला केला. हा नियम नसलेल्या प्रसंगात असा प्रकार कधीच घडणार नाही आणि घाबरलेल्या किनाऱ्याचे चित्र खोटे उतरेल.

हवाई भाग रचताना हौशी आणि कधी कधी व्यावसायिक रचनाकारही विमान हवेत असल्यापासूनच विचार सुरू करतो, ही वेगळी उणीव. विमान बहुतेक वेळ जमिनीवर किंवा जहाजाच्या डेकवर असते. न्यूपोर्टला विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून खेळ खेळलेले जोसेफ रीव्ह्ज यांच्या मनात हे पक्के बसले होते, की एका वेळी जास्तीत जास्त किती विमाने उडवता येतात यावर विमानवाहू नौकेची ताकद ठरते. 1925 मध्ये लँगली या विमानवाहू नौकेसह ताफ्यातील विमानपथकांची सूत्रे हाती येताच त्यांनी डेकवरच्या माणसांची कामे नव्याने बांधून तिच्यावरील विमानांची संख्या चौदाच्या आसपास होती ती 42 पर्यंत नेली. जमिनीवरच्या विमानाची हीच गोष्ट शतकभराने पुन्हा दिसली. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेने तैवानवर 2026 मध्ये चिनी आक्रमण झाल्याची कल्पना करून एकच प्रसंग गृहीते बदलून 24 वेळा खेळवला आणि जानेवारी 2023 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला; त्यात अमेरिका व जपानची जी विमाने नष्ट झाली त्यांतील सुमारे नव्वद टक्के तळावर उभी असतानाच क्षेपणास्त्रांखाली सापडली. लढाऊ विमानाच्या वळणाच्या त्रिज्येवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या रचनाकाराने धावपट्टी, इंधनाच्या टाक्या आणि काँक्रीटची छपरे यांना एक ओळ दिली असेल, तर त्याच्या प्रसंगाचा निकाल वाचण्याची गरज नाही.

त्या अहवालातील निकालापेक्षा 24 हा आकडा अधिक बोलका आहे. एकदाच खेळलेला प्रसंग फार तर एक शक्यता दाखवतो, आणि क्षेपणास्त्रांच्या कडेलोटी गणितात ती अपवादात्मकही असू शकते. पुन्हा खेळायचे तर प्रत्येक वेळी एकच गृहीत बदलावे, बाकीची जशीच्या तशी राखावीत, म्हणजे फरक कशामुळे पडला हे सांगता येते. कमांड या संगणकीय खेळाची व्यावसायिक आवृत्ती आज अनेक सैन्यदले वापरतात, आणि असे पुन्हा पुन्हा चालवणे तिच्यामुळे सोपे झाले आहे, परंतु तिच्या माहितीसाठ्यातील आकडे इतके नेटके असतात, की ते अंदाज आहेत याचाच विसर पडतो. गोव्यातील नेव्हल वॉर कॉलेजसारख्या संस्थांत अधिकारी समोरासमोर बसून खेळतात, तेव्हा पंचाच्या निवाड्याला लगेच हरकत घेता येते. यंत्राच्या निवाड्याला ती सहसा घेतली जात नाही. म्हणून खेळाची नोंदवही ठेवताना प्रत्येक चालीपुढे तीन रकाने असावेत : प्रत्यक्षात काय होते, त्या क्षणी प्रत्येक पक्षाला काय ठाऊक होते, आणि पंचाने निकाल बदलला असल्यास कोणत्या कारणाने बदलला. बहुतेक नोंदवह्यांत पहिला रकाना भरलेला असतो, मधला अर्धवट असतो आणि तिसरा आखलेलाच नसतो.